आणखी काय

अंबाझरीच्या मागच्या अंगाला, फाटकापाशी,
आमचे रस्ते फुटतात.
ती सायकल घेते, मी माझे गुडघे.

भाड्याच्या सायकली देणारा मेश्रामांचा पोट्टा
तेवीस नंबर पुढे करतो, म्हणतो,
"काकू, घंटी वाजून नाही राह्यली हिची,
तोंडानंच वाजवा."
आणि हेमलता, वय छप्पन्न,
माहेरी कधी पायडलला पाय न लावलेली,
इथंच दिवाळीनंतर, दोनदा बाभळीत पडून शिकलेली,
खरंच तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत
वळणाआड जाते.

मग मी आणि पायाखालचा मुरूम.
चैत्र लागलाय. गवताचा पिवळाही उतरला,
जुन्या पोत्यासारखं दिसतं ते.
पळस सांडून मोकळे झाले.
हिंगण्याकडून भोंगा येतो.
आठला ऊन चावायला लागेल,
त्याच्या आत आमची सकाळ उरकायची.

पहिल्या फेरीला ती मागून येते,
एक पाय टेकून बातमी देते:
"पुढे रोही उभा आहे, तळ्याकडे तोंड करून.
लवकर चला."
लवकर म्हणजे काय ते गुडघ्यांना कळत नाही.
मी पोचतो तेव्हा ताज्या लेंड्या
आणि अजून हलणारं गवत.
दुसऱ्या फेरीला: "मोर. तीन. एकाचा पिसारा निम्माच."
माझ्या वाट्याला धुळीत
काहीतरी ओढत नेल्याची रेघ.

मला सवय आहे.
एकतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो,
अठ्ठावन्न वाघिणींच्या मागे, शेवटच्या डब्यात.
घडायचं ते इंजिनाला दिसायचं,
मला घडून गेलेलं.
आमला, बल्लारशा, गोंदिया करून
घरी जेवायला बसलो की
पोळी वाढता वाढता ती विचारायची,
"काय दिसलं?"
"कोळसा."
"आणखी काय?"
"आणखी काय असणार?"

असायचं.
काटोलच्या पुढे, पहाटे तीनला, गाडी लूपला उभी,
एक म्हातारा टॉर्च घेऊन रुळाकडेनं
हरवलेली शेळी शोधत होता,
नावानं हाका मारत, माणसाला माराव्या तशा.
माझ्यापाशी थांबून म्हणाला, "साहेब, गाडीखाली तर नाही न?"
मी सगळे डबे चालत गेलो त्याच्याबरोबर, पार इंजिनापर्यंत.
घरी सांगितलं नाही.
झोप आलेली असायची,
आणि खरं म्हणजे वाटायचं, हे काय सांगायचं.

ती मात्र सगळं सांगते.
चेन पडली ते सांगते, मुंगळ्यांची रांग सांगते,
एक पोरगी दोन्ही हात सोडून उतारावरून गेली
ते दोनदा सांगते.

आज चौथ्या फेरीला टिटवी
माझ्या अंगावरच आली, ओरडत,
मग पंख मोडल्यासारखी खरडत पळाली.
मी थांबलो. थांबणं मला जमतं.
वाटेच्या कडेला, खड्यांमध्ये खडे,
चार अंडी, टोकं आत केलेली.
बोटभर अंतरावरून
तेवीस नंबरच्या चाकाच्या तीन रेघा.

मी वाटेच्या मधोमध गेलो
आणि दोन्ही हात डोक्यावर उभे केले,
झेंडा नसला की आम्ही करायचो तसे.

ट्रिंग ट्रिंग आली, कचकन थांबली.
"काय झालं? छातीत?"
मी बोटानं दाखवलं.
ती वाकली. बराच वेळ तिला खडेच दिसले.
मग "अगं बाई," एवढंच, तेही कुजबुजत.
बाभळीची एक वाळकी फांदी ओढून
तिनं अलीकडे आडवी टाकली,
तिचा हात ओरबाडला, टिटवी शिव्या देत राहिली.

परतताना ती सायकल हातात धरून चालली.
तास उलटून गेलेला, पोट्टा दहा रुपये जास्तीचे घेणार.
थोड्या वेळानं, पुढे बघतच, म्हणाली,
"आणखी काय?"

मी म्हणालो, काटोलपाशी एक म्हातारा होता.
त्याची शेळी होती.
शेळीचं नाव मात्र आठवेना.
"आठवेल," ती म्हणाली, "फाटक लांब आहे अजून,"
आणि मोज्यातली कुसळं काढायला
माझ्या खांद्यावर हात ठेवून
एका पायावर उभी राहिली.